एकटीला उचलता येणारी गाडी: एक्सपल्स २०० ४व्ही, २ वर्षं आणि १९ हजार किलोमीटर

दोन वर्षांपूर्वी घेतलेली हीरोची ही मोटारसायकल, आता मीटर १९,४०० च्या पुढं गेलाय, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलेल्या रिव्ह्यूला फारसा अर्थ नसतो, तेव्हा सगळ्यांनाच आपली गाडी आवडत असते. मी साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी, उंची ५ फूट ३ इंच, वजन ५६ किलो. हे आधीच सांगतेय कारण ॲडव्हेंचर गाड्यांचे, म्हणजे कच्च्या वाटेवर पण चालतील अशा मोटारसायकलींचे, बहुतेक रिव्ह्यू सहा फुटी माणसांनी केलेले असतात आणि त्यांना जे "सहज" होतं ते आपल्याला सहज होईलच असं नाही.

गाडी घ्यायच्या आधी मी माझ्या दिराची रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० चालवली होती. फार दमदार गाडी आहे, ४५२ सीसी, ४० पीएस ताकद, हायवेला तर प्रश्नच नाही, खंबाटकी कधी चढली कळत नाही. पण तिचं वजन १९६ किलो. सज्जनगडच्या पायथ्याला एका कच्च्या वळणावर ती नुसती कलली, पडली पण नाही, आणि तेवढ्यात मला कळलं की ही गाडी आडवी झाली तर मला दोन माणसं येईपर्यंत वाट बघत बसावं लागणार. आणि मला जिथं जायचं असतं तिथं दोन माणसं येतीलच असं नसतं. त्या दिवशी ठरवलं की पॉवर, स्क्रीन, क्रूझिंग हे सगळं नंतर, पहिला प्रश्न एकच, पडली तर मी एकटी उचलू शकते का.

एक्सपल्स २०० ४व्ही चं कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट वजन, १५८-१५९ किलो आहे. कागदावर ३७-३८ किलोचा फरक, पण चिखलात तो फरक म्हणजे घरी जाणं आणि न जाणं यातला फरक.

आता ते सांगतेच, कारण त्या एका दिवसामुळं माझं या गाडीबद्दलचं मत पक्कं झालं. गेल्या वर्षीच्या जुलैत सकाळी साडेसहाला निघून ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या पठारावर गेले होते. पठार ज्यांनी पावसात बघितलंय त्यांना माहितीय, धुकं इतकं असतं की पवनचक्की दिसत नाही, फक्त वरनं पात्यांचा घों घों आवाज येतो, आणि खाली जांभा दगड, त्यावर हिरवं शेवाळ. मुख्य रस्ता सोडून एका वाडीकडं जाणारी लाल मातीची गाडीवाट घेतली, पहिल्या गिअरमध्ये, उभी राहून, सगळं नीट चाललं होतं आणि एका सपाट जांभ्यावर पुढचं चाक गेलं. ब्रेक लावला नव्हता, वेग पण नव्हता, नुसतं सरकलं. गाडी उजव्या बाजूला आडवी, मी तिच्या शेजारी. हाताला लागलं नाही, गुडघ्याला गार्ड होते. आधी इंजिन बंद केलं, मग दोन मिनिटं नुसती बसून राहिले श्वास जाग्यावर येईपर्यंत. हे फार महत्त्वाचं आहे, घाईत उचलायला गेलं की कंबर जाते.

उचलायची पद्धत मी घरी अंगणात गादी टाकून दहा-बारा वेळा करून बघितली होती, त्याचा तिथं उपयोग झाला. गाडी उजवीकडं पडली असेल तर आधी साईड स्टँड बाहेर काढायचा, म्हणजे सरळ झाल्यावर पलीकडं जाऊन पडत नाही. गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक फिरत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं, मग गाडीकडं पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एक हात हँडलच्या खालच्या ग्रिपला, दुसरा मागच्या कॅरिअरला, आणि पायांनी ढकलत छोट्या छोट्या पावलांनी मागं जायचं. हातानं ओढायचं नाही, सगळा जोर मांड्यांचा. पहिल्यांदा माझे बूट सरकले. मग बुटाच्या टाचेनं माती उकरून दोन खळगे केले, त्यात पाय रोवले आणि दुसऱ्या वेळेला गाडी उभी राहिली.

तेवढ्यात धुक्यातनं एक आजोबा आले, डोक्यावर घोंगडीची खोळ, मागं चार म्हशी. "पडलीसा व्हय?" म्हणाले. मी म्हटलं, "होय बाबा, पण उचलली." त्यांनी गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, "येकलीनंच?" आणि मग काही न बोलता पुढं जाऊन वाटेत कुठं घसरतंय ते काठीनं दाखवत राहिले, मी मागनं हळूहळू गाडी घेऊन. पार डांबरीला लागेपर्यंत ते पुढं चालत होते. मला अजून आठवलं की भरून येतं.

गाडीचं काय झालं तर हँडलवर बोटांपुढं असतं त्या नकल गार्डला ओरखडा, ब्रेकचा लिव्हर शाबूत, बाकी काही नाही. नकल गार्ड, इंजिनखाली दगडापासून वाचवणारी बॅश प्लेट, वर वळवलेला सायलेन्सर, मागं सामानाची प्लेट हे सगळं कंपनीकडनंच येतं. क्रॅश गार्ड मात्र मी पहिल्याच आठवड्यात लावून घेतले.

आता बाकी गाडीबद्दल. इंजिन १९९.६ सीसी, ऑइल कूल्ड, चार व्हॉल्व्ह, १९ पीएसच्या आसपास आणि १७.३५ एनएम टॉर्क. गिअर पाच. पुढं २१ इंची चाक, मागं १८, दोन्ही स्पोकचे. ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर, सस्पेन्शनचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वरखाली किती हलतं ते, पुढं १९० आणि मागं १७०. हे आकडे सगळीकडं मिळतात, पण त्यातला २१ इंचाचा अर्थ गाडीवर बसल्याशिवाय कळत नाही. आपल्या साध्या गाडीचं १७ किंवा १८ इंची चाक जिथं दगडाला अडतं तिथं हे वर चढून जातं. चाळकेवाडीहून वनकुसवड्याच्या पठाराकडं जाताना आतल्या कच्च्या वाटांवर मुठीएवढे, कधी नारळाएवढे दगड सुटे पडलेले असतात, तिथं हँडल सैल धरून गाडीला तिच्या मनानं जाऊ द्यायचं, ती बरोबर वाट काढते. नवशिक्यांचं चुकतं ते इथंच, हँडल घट्ट आवळून धरतात आणि मग प्रत्येक दगड खांद्यापर्यंत लागतो.

सीटची उंची ८२५ मिलिमीटर. माझे दोन्ही पाय टेकत नाहीत, एका बाजूला सरकले की एक चवडा नीट टेकतो. साताऱ्यातल्या एका सीटवाल्याकडनं फोम थोडा कमी करून घेतला, कडा पण जरा निमुळत्या केल्या, त्यानं खूप फरक पडला. पण खरं सांगू का, सहा महिन्यांनी उंचीचा प्रश्न डोक्यातनंच गेला, कारण गाडी अरुंद आहे आणि हलकी आहे, थांबायच्या आधी कुठं थांबायचं ते बघायची सवय लागते. उताराच्या बाजूला पाय टाकायचा नाही, चढाच्या बाजूला टाकायचा, एवढंच. याच गाडीचं प्रो व्हर्जन आहे त्यात पुढचा ट्रॅव्हल २५० मिलिमीटर आणि सीट ८९१, ती माझ्या उंचीच्या माणसासाठी नाही, आणि ज्यांना रॅलीसारखं उडवायचं नाही त्यांना तशी गरज पण नाही.

एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, तीन मोड आहेत, रोड, ऑफरोड आणि रॅली. सुट्या मुरमाच्या उतारावर पूर्ण एबीएस चालू असेल तर गाडी थांबतच नाही असं वाटतं, ब्रेक सोड-धर सोड-धर करत राहतो, म्हणून कच्च्या वाटेला लागायच्या आधी मोड बदलायचा हे डोक्यात पक्कं बसवून घ्या. रॅलीमध्ये एबीएस पूर्ण बंद होतं. मी बहुतेक वेळा ऑफरोडवरच ठेवते.

लांब पल्ल्याचं विचाराल तर जानेवारीत तीन दिवसांची ट्रिप केली, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे मिळून, आणि मला वाटतं एखाद्या गाडीची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा नसेल कारण तीन दिवसांत तीन वेगळ्या माती लागतात. पहिल्या दिवशी ठोसेघर, चाळकेवाडी, वनकुसवडे करत पाटणला उतरले, सगळा जांभा आणि लाल धूळ. पठारावर मला कुठं पंप लागला नाही त्यामुळं टाकी साताऱ्यातच फुल्ल केली होती, १३ लिटर. दुसऱ्या दिवशी ढेबेवाडी, उंडाळे, शेडगेवाडी करत शिराळा आणि मग सांगली. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेला ऊस, आणि शॉर्टकट म्हणून शेताच्या बाजूची वाट धरली तर काळी माती. काळ्या रानाबद्दल एकच सांगते, ती कोरडी असेल तर मऊ गादीसारखी, आणि नुकतंच पाणी दिलेलं असेल तर तिच्यात जाऊ नका. चाकाला थर बसत जातो, मग साखळीत, स्विंगआर्मच्या सांध्यात, आणि शेवटी चाक फिरायचंच बंद होतं. मी दोनशे मीटरसाठी पाऊण तास घालवला, झाडाच्या फांदीनं माती काढत. त्या शेताच्या मालकीणबाईंनी पाटाचं पाणी सोडून गाडी धुवून दिली आणि वर भडंग आणि चहा. सांगलीत शिरायच्या आधीच सांगलीचा पाहुणचार झाला.

तिसरा दिवस सगळ्यात मोठा. सकाळी सहाला सांगली सोडली, मिरजेवरनं दंडोबाचा डोंगर, तिथं डोंगरात कोरलेलं महादेवाचं मंदिर आहे, मग कवठेमहांकाळ, आटपाडी, दिघंची, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव आणि रात्री साडेआठला घरी. माणदेशात शिरलं की माती परत बदलते, मुरूम आणि कोरड्या ओढ्यातली वाळू. वाळूत मी आधी फार घाबरायचे. पुढचं चाक वळवळ करायला लागतं आणि आपला हात आपोआप थ्रॉटल सोडतो, तिथंच पडायला होतं. थोडं मागं सरकायचं, नजर पलीकडच्या काठावर, थ्रॉटल एकसारखा, आणि गाडी वळवळली तर वळवळू द्यायची. ओढा पार करून वर आल्यावर मेंढरं घेऊन चाललेली दोन पोरं थांबून बघत होती, एकानं विचारलं "ताई, ह्यात पेट्रोल किती खातीय?" सगळ्या महाराष्ट्राचा पहिला प्रश्न. तर उत्तर, डांबरीवर माझ्या हातात ४० च्या आसपास देते, पूर्ण कच्च्यावर ३३-३४. म्हणजे एका टाकीत चारशे किलोमीटर धरून चालायला हरकत नाही.

टायरची हवा यावर जरा सविस्तर लिहिते कारण लोक याकडं दुर्लक्ष करतात. कच्च्यावर जाताना मी हवा २० पीएसआयपर्यंत उतरवते, त्यानं टायर पसरतो, पकड वाढते आणि हाताला धक्के कमी बसतात. पण ही चाकं ट्यूबची आहेत, त्यामुळं याच्या खूप खाली जाऊ नका, दगडावर जोरात आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात. डांबरीला परत आलं की हवा भरायची, म्हणून पायानं मारायचा छोटा पंप कायम बॅगेत.

आणि हो, ट्यूब. हा या गाडीचा सगळ्यात मोठा विचार करायचा मुद्दा आहे. ट्यूबलेस असेल तर गावातला कुणी पण पाच मिनिटांत स्ट्रिप घालून देतो, इथं चाक काढायला लागतं. आणि २१ इंची ट्यूब गावातल्या पंक्चरवाल्याकडं नसते, दहिवडीच्या अलीकडं पुढचं चाक बसलं तेव्हा मी हे अनुभवलंय. माझ्याकडं स्वतःची २१ ची ट्यूब होती म्हणून वाचले. पंक्चरवाले काका म्हणाले "असलं मोठं चाक मी लई वर्सांनी बघतोय", पण हात इतका साफ की वीस मिनिटांत चाक परत जागेवर. तेव्हापासून नियम केलाय, २१ ची एक ट्यूब, तीन टायर लिव्हर, ॲक्सलचा पाना, पॅच किट हे गाडीवरनं कधी उतरत नाही. जागा कमी असेल तर फक्त २१ चीच ट्यूब न्या, अडचणीत ती मागच्या १८ च्या टायरमध्ये पण घालून घरापर्यंत येता येतं, उलटं करायला गेलात तर ट्यूब ताणून फाटायची भीती.

हायवेबद्दल लोक फार विचारतात. पुणे-बंगळूर रोडला मी ८० ला चालवते, त्या वेगाला गाडी निवांत असते आणि दिवसभर जाते. त्याच्या वर ओव्हरटेकसाठी जाता येतं पण तिथं राहायची ही गाडी नाही, २०० सीसी आहे, पाच गिअर आहेत, ते गृहीत धरूनच घ्यायची. ज्यांना दर शनिवारी साताऱ्याहून गोव्याला जायचंय आणि वर्षातनं एकदा कच्च्यावर, त्यांनी दुसरी गाडी बघावी, मनापासून सांगते. आणि हलकेपणाची एक दुसरी बाजू पण आहे. पवनचक्क्या उभ्या केल्यात म्हणजे तिथं वारा असणारच, आणि जून-जुलैत पठारावर आडवा वारा लागला की गाडी अर्धा लेन सरकते. तेव्हा मी वेग ४० च्या खाली आणते, गुडघे टाकीला घट्ट लावते आणि हात सैल. जड गाडी तिथं जास्त स्थिर राहते हे मान्य करायलाच पाहिजे.

सामानाबद्दल एक वाईट अनुभव. बाजारातनं घेतलेल्या एका सॅडल स्टेचं, म्हणजे बाजूच्या बॅगा अडकवायच्या सांगाड्याचं, कंपनीचं नाव घेत नाही, वेल्डिंग तिसऱ्याच महिन्यात पठारावर तुटलं आणि बॅग मागच्या चाकाला घासायला लागली. एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्या दादांनी जाड पट्टी घालून परत बांधून दिलं, दीड वर्ष झालं, हललं नाही. माझं मत झालंय की कच्च्यावर मऊ बॅगाच बऱ्या, पडल्यावर पाय खाली अडकला तर पत्र्याची पेटी पाय मोडते. आणि सामान जितकं कमी तितकं चांगलं, १५८ किलोची गाडी घ्यायची आणि वर ३० किलो लादायचं याला काय अर्थ.

सर्व्हिसिंगचा खर्च मला जड वाटलेला नाही. दर पाचशे किलोमीटरला साखळी साफ करून लूब, कच्च्यावरनं आलं की त्याच दिवशी. एअर फिल्टर उन्हाळ्यात लवकर बघायचा, माणदेशातली धूळ फार बारीक असते. स्पोक महिन्यातनं एकदा पान्यानं हळूच वाजवून बघायचे, ढिला असेल तो बद्द वाजतो, हे मला त्या दहिवडीच्या अलीकडच्या काकांनीच शिकवलं. मागचा टायर १४ हजाराला बदलला.

तापोळ्याला एकदा तराफ्यावर गाडी घातली होती, ते पण लिहायचं राहिलं. महाबळेश्वरवरनं खाली उतरायचं आणि शिवसागरच्या पाण्यावरनं गाडीसकट पलीकडं. तराफ्यावर चढताना ओला पत्रा असतो, तिथं बसून न जाता उतरून क्लच धरून ढकलत चढवली. हलकी गाडी असल्याचा फायदा असा कुठं कुठं होतो बघा.

आता एक कळकळीची विनंती, आणि ही गाडीपेक्षा मोठी गोष्ट आहे. कास पठारावर, चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाटीवर, गाडी रस्त्याखाली उतरवू नका. व्हिडिओसाठी पोरं फुलांच्या दिवसांत सरळ सड्यावर गाड्या घालतात, मला बघवत नाही. जांभ्यावर माती फक्त काही बोटं जाड असते, तिच्यात गेंद, सीतेची आसवं, तेरडा उगवतो, चाकाचा एक घसरा पडला की ती माती पावसानं वाहून जाते आणि खाली नुसता दगड उरतो. पश्चिम घाट २०१२ ला जागतिक वारसा झाला त्यात कास आहे. कोयना-चांदोलीच्या बाजूला व्याघ्र प्रकल्प आहे, तिथं पाटी दिसली की मागं फिरायचं. ट्रेल म्हणजे गावांना जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटा, मुरमाचे रस्ते, पाझर तलावाच्या कडेचे रस्ते, आपल्या दोन जिल्ह्यांत असले रस्ते आयुष्यभर पुरतील इतके आहेत. वाडीतनं जाताना पहिला गिअर, आवाज कमी, म्हातारी माणसं दिसली तर थांबून बोलायचं. वाट तीच दाखवतात.

किमतीचं म्हणाल तर मी घेतली तेव्हा एक्स-शोरूम दीड लाखाच्या आसपास होती. २०२५ च्या सप्टेंबरात ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झालाय, त्यामुळं आता घेणाऱ्यांनी ताजा भाव शोरूममध्येच विचारा. २०२५ ला एक्सपल्स २१० पण आलीय, लिक्विड कूल्ड, सहा गिअर, २४ च्या पुढं पीएस. मैत्रिणीची चालवून बघितली, हायवेला नक्कीच सरस आहे, आणि ज्यांना रोज लांब जायचंय त्यांनी तीच बघावी. पण वजन साधारण १० किलोनं जास्त. मी ती गाडी अंगणात गादीवर आडवी करून मैत्रिणीलाच उचलायला लावली आणि मग स्वतः पण उचलून बघितली. उचलली गेली, पण तिसऱ्या वेळेला हात थरथरायला लागले. माझ्या जुन्या गाडीला सहाव्या वेळेला थरथरतात.

त्यामुळं माझी गाडी बदलायचा विचार नाही. या शनिवारी साखळी आणि दोन्ही स्प्रॉकेट नवीन टाकायला दिलीत, आणि रविवारी पहाटे दहिवडीच्या पलीकडं वारूगड किल्ल्याकडं.